ओल्या फडक्यातला मुद्देमाल

फोन वाजला तेव्हा डॉक्टरीणबाईंचा उजवा हात खांद्यापर्यंत गाईच्या आत होता आणि वासराचा दुसरा पाय काही केल्या सापडत नव्हता. अशा वेळी माणूस देवाचाही फोन घेत नाही. पण तो तिसऱ्यांदा वाजला, तसा गाईच्या मालकाने उचलून त्यांच्या कानाशी धरला.

"मावशी, असशील तशी ये. मुद्देमाल मरायला टेकलाय."

"काय मरायला टेकलंय?"

"मुद्देमाल! खुनातला पुरावा. बादलीत आहे आणि हलत नाहीये."

"गुंड्या, मी इथे एकाला जन्माला घालतेय. तुझ्या मरणाऱ्याला म्हणावं, जरा दम धर."

वासरू बाहेर आलं, धडपडत उभं राहिलं आणि जगाला पहिली लाथ मालकाच्या नडगीवर घालून मोकळं झालं. बाईंनी हात धुतले आणि चौकीकडे गाडी पिटाळली.

गुंड्या म्हणजे तिथला फौजदार. सगळा बंदर भाग त्याला टरकून असे. फक्त मावशीच त्याला गुंड्या म्हणे. लहानपणी त्याने शर्टाची गुंडी गिळली होती आणि गुरांच्या चिमट्याने ती मावशीनेच ओढून काढली होती. एवढ्या उपकाराखाली दबलेला माणूस कमरेला पिस्तूल असूनही काय बोलणार?

बादली मेजाखाली होती. आत घोड्याच्या नालेच्या आकाराची, परातीएवढी तपकिरी ढाल. ढालीखाली पायांची दाटी. मागे दाभणासारखी लांब शेपटी असायला हवी, तिथे बोटभर खुंट. तो होता नालखेकडा. नावाला खेकडा, पण नातं विंचू-कोळ्यांशी.

"पाणी कुठलं घातलंस?"

"नळाचं. ताजं आहे."

"समुद्राच्या जिवाला नळाचं पाणी! तुला कुणी रॉकेलचा पेला दिला तर पिशील का रे?" बाईंनी बादली उपडी केली. "हवालदाराला पाठव, समुद्राचं पाणी आणू दे. ही सापडली तेव्हा कशात होती?"

"ही?"

"मादी आहे. नराच्या पुढच्या पायांना आकडे असतात. कशात होती?"

"मेलेल्याच्या खांद्यावरच्या पिशवीत, ओल्या फडक्यात. बाळाला दुपट्यात गुंडाळतात ना, तशी. पोटाकडे दुहेरी घडी."

"म्हणून जगली. पोटाखाली वहीच्या पानांसारखे कल्ले असतात. ते ओले राहिले की ही बराच वेळ पाण्याबाहेर काढते. फडकं कुठाय?"

फौजदाराने खिडकीकडे पाहिलं आणि लगेच नजर खाली घेतली. खुनातला पुरावा बाहेर दोरीवर, हवालदाराच्या बनियनशेजारी वाळत होता.

बाईंनी तो काढून आणला. पांढरं सुती फडकं, कडा शिवलेल्या, उकळून उकळून मऊ पडलेलं. मधोमध मसुरीएवढा निळसर डाग.

"शाई," फौजदार म्हणाला. "मास्तर शेवटी मास्तरच."

मास्तर म्हणजे खेकडामास्तर. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेले. भरती आली की किनाऱ्यावर फिरायचं, वाळूवर चढलेले नालखेकडे उलटेपालटे करून कुणाचा डोळा गेला, कुणाची ढाल चेपली, कुणाची शेपटी जन्मतःच वाकडी, ते बघायचं. लोक डोक्याजवळ बोट फिरवून हसत. मास्तरही हसत. आज सकाळी ओहोटीला ते समुद्रात घुसलेल्या वाळूच्या जिभेवर पालथे सापडले. तिथे बाकी चिटपाखरू नव्हतं. प्रेत पाहिलं ते त्यांच्याच जिवलग मित्राने, किनाऱ्यावरच्या औषधांच्या लॅबच्या मुकादमाने. शिंपले वेचणाऱ्या बायका लांबून येत होत्या. त्याने त्यांना हाका मारून बोलावलं.

"मेले कशाने?"

"डोक्याला मागून मार आहे, पण जीव त्याने गेला नाही. बुडून मेले. फुप्फुसात खारं पाणी. अगदी नितळ, म्हणाले डॉक्टर."

"नितळ?"

"खारं म्हणजे समुद्राचं, मावशी. आता त्यातही खोट काढू नकोस. आरोपी आत बसलाय. मास्तरांचा जावई. होडी चालवतो. काल संध्याकाळी धक्क्यावर सासऱ्याला धमकी दिली, पहाटे तणतणत घराबाहेर पडला. जाळ्यात आलेल्या या प्राण्याची त्याने शेपटी मोडली, सासऱ्याने पुरावा म्हणून ती पिशवीत घातली, जुंपली आणि वल्हं डोक्यात बसलं. उद्या सकाळी कोर्टात उभा करतोय. बायकोचा जबाब झालाय, फक्त सही राहिलीय."

बाईंनी खुंटावरून अंगठा फिरवला. मग ढालीच्या उजव्या बाजूला डोळा असायला हवा तिथे. तिथे खोबण होती. दोन्ही जागा डांबरासारख्या काळ्या आणि कडक.

"ही शेपटी आज मोडलेली नाही. या वर्षीसुद्धा नसेल. हे प्राणी लहानपणी कात टाकतात. वयात आले की थांबलं. त्यानंतर जे लागेल ते काळं पडून जन्मभर अंगावर. डोळाही असाच. कधीतरी उलटी पडली असेल आणि पक्ष्यांनी टोचला असेल. शेपटी नसली की यांना सुलटं होता येत नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे तुझं वल्हं गेलं पाण्यात."

मग त्यांनी ढालीवर नजर फिरवली. सगळ्या पाठीवर शेवाळाचा गालिचा होता, त्यावर शिंपल्यांची वसाहत. पण पुढची ढाल आणि मागची ढाल जिथे बिजागरीसारख्या जुळतात, त्या घडीत एक जागा लख्ख होती. कुणीतरी घासून पुसल्यासारखी. तिच्या मधोमध टाचणीच्या टोकाएवढं भोक आणि भोकावर निळसर खळीचा थेंब.

"हं," बाई म्हणाल्या.

मावशीच्या "हं"ला फौजदार लहानपणापासून घाबरत असे. त्या "हं"नंतर नेहमी एरंडेल यायचं.

---

जावई कोठडीत भिंतीला टेकून बसला होता. माणूस दरवाजाएवढा, पण आता घडी घालून ठेवल्यासारखा दिसत होता.

"भांडण कशावरून झालं?" बाईंनी विचारलं.

"हे प्राणी जाळ्यात अडकतात. शेपटी गुंतते. सोडवत बसलं तर मासळी सडते. आम्ही शेपटी मोडतो आणि फेकून देतो. सासऱ्यांनी काल ते पाहिलं."

"आणि तुम्ही काय म्हणालात?"

"म्हणालो, पुन्हा माझ्या होडीपाशी दिसलात तर तुम्हालाच जाळ्यात घालून बुडवीन."

"कुणी ऐकलं?"

"अख्ख्या धक्क्याने. मुकादमकाकांनी तर मला हाताला धरून बाजूला नेलं."

"सकाळी कुठे होतात?"

"समुद्रात. एकटाच. मासे साक्ष देणार असतील तर बोलवा." तो हसायला गेला, जमलं नाही. मग खालच्या आवाजात म्हणाला, "बाई, ती काय म्हणते?"

"कोण?"

"माझी बायको. तिलाही मीच केलं असं वाटतंय का?"

याचं उत्तर बाईंना माहीत होतं, म्हणूनच त्यांनी दिलं नाही.

---

मास्तरांची लेक स्वयंपाकघरात बसली होती. ओट्यावर चहाचे दोन कप, एक रिकामा, एक साय धरलेला. दाराशी बापाच्या रबरी चपला, तळव्यांना अजून कालची वाळू.

"सही करायचीये ना? आणलाय का कागद?" ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा ठणठणीत होता. "बाप गेला आणि नवरा आत. आता माझ्याकडे खरं बोलण्याशिवाय उरलंय काय? काकाही तेच म्हणाले."

"कोण काका?"

"मुकादमकाका. सकाळपासून इथेच होते. चहा त्यांनीच केला. म्हणाले, पोरी, नवऱ्याला वाचवायला बापाशी बेइमानी करू नकोस. तो तणतणत गेला, हे खरं आहे ना? मग तसंच सांग. आत्ताच गेले, लॅबमध्ये काम आहे म्हणून."

"खरं ते सांगायलाच हवं," बाई म्हणाल्या. "पण आधी मला सांग, बाबा पिशवीत काय न्यायचे?"

"पाण्याची बाटली, जादा चष्मा आणि माझी नेलपॉलिश."

फौजदाराने मान वर केली.

"डाळिंबी रंगाची," ती म्हणाली आणि पहिल्यांदाच तिच्या तोंडावर काहीतरी हललं. "माझ्या लग्नातली बाटली त्यांनी पळवली, ती संपली तशी दुसरी आणायला लावली. कुणी लंगडा-काणा भेटला की ढालीच्या आतल्या कडेला एक ठिपका. पुन्हा भेटला की ओळख पटायची. नावंही ठेवायचे. काणा, वाकड्या, दुशेपट्या, लांडी. माझ्या मैत्रिणींची नावं त्यांच्या लक्षात राहायची नाहीत, पण या सगळ्यांची तोंडपाठ."

"धरून आणायचे का कधी?"

"कधीच नाही! लहानपणी मी एकदा हट्ट केला, एक तरी घरी आणा म्हणून. तर दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जिथे भेटला तिथेच बघायचा आणि तिथेच सोडायचा, म्हणायचे."

"आज त्यांच्या पिशवीत होता."

"ते मलाही कळत नाहीये."

"अलीकडे काही बोलले होते?"

लेक साय धरलेल्या कपाकडे बघत राहिली. "म्हणाले, काणा मेला. वाकड्या मेला. इतकी वर्षं लंगडत जगले आणि या हंगामात पटापट किनाऱ्याला लागतायत. धडधाकट जगतात आणि माझेच का मरतात? मी म्हटलं, बाबा, जेवून घ्या."

बाई गाडीतून टब घेऊन आल्या. समुद्राच्या ताज्या पाण्यात मुद्देमालाला तरतरी आली होती. लेकीने हात घालून तो अलगद उलटा केला. आतल्या कडेला डाळिंबी ठिपका होता.

"ही तर लांडी!" ती म्हणाली आणि सकाळपासून न आलेलं रडू तिला तेव्हा आलं.

बाईंनी ते येऊ दिलं. मग म्हणाल्या, "सही नंतर. डोळे पूस आणि माझ्याबरोबर चल."

---

लॅबला लोक निळं घर म्हणत. भिंती पांढऱ्याच होत्या. निळं होतं ते आतलं.

लॅबचे साहेब दारातच भेटले. गृहस्थ मोठे बोलके. चौकशीला आलेल्या पोलिसांनाही त्यांनी पाहुण्यांसारखं हिंडवून दाखवलं. लांबलचक बाकावर नालखेकडे ओळीने पट्ट्यांनी आवळलेले, बिजागरीत वाकवलेले. प्रत्येकाच्या घडीत एक सुई आणि सुईखाली बाटली. बाटलीत थेंब थेंब उतरत होतं ते रक्त हवा लागताच निळं होत होतं.

"इंजेक्शनच्या औषधात जंतूंचं विष असेल तर हे रक्त लगेच गोठतं," साहेब सांगत होते. "तुम्ही गाईला टोचता ना, त्या औषधाचीही परीक्षा यानेच होत असेल. थोडं रक्त घ्यायचं आणि प्राणी परत समुद्रात. हा बघा, किती देखणा आहे!"

त्यांनी टाकीतला एक खेकडा शेपटीला धरून उचलला.

"शेपटीला नाही, साहेब!" मागून कुणीतरी ओरडलं. "सांधा निखळतो! कितीदा सांगायचं?"

मुकादम. वाळलेला, उंच, डोळे रडून सुजलेले. त्याने साहेबांच्या हातून प्राणी काढून घेतला, दोन्ही बाजूंनी ढालीला धरला, पांढरं फडकं पाण्यात बुचकळलं आणि बोलता बोलता गुंडाळलं. पोटाकडे दुहेरी घडी. जेमतेम श्वासभराचं काम. हात आपापले चालत होते.

बाईंनी भाच्याकडे पाहिलं. भाचा छताकडे बघत होता. बाईंनी त्याच्या पायावर पाय दिला.

"काका," लेक पुढे झाली, "तुम्ही सकाळपासून काही खाल्लं नाहीत."

"तू तरी कुठे खाल्लंस?" मुकादम म्हणाला. तिच्या हातातल्या टबाकडे त्याने एकदाच पाहिलं आणि मग पाहिलं नाही.

"सुई मारायच्या आधी जागा पुसता?" बाईंनी विचारलं.

"घासून पुसतो," मुकादम म्हणाला. "नाहीतर शेवाळातली घाण रक्तात जाते."

"आणि प्राणी जखमी असला तर?"

"निवडीतच बाजूला काढायचा. अधू प्राण्याला सुई लावायची नाही, हा इथला पहिला नियम. त्याच भरतीला समुद्रात सोडतो."

"कोण सोडतं?"

"मीच. पहाटेची फेरी माझी. हातगाडीवर घालून वाळूच्या जिभेवर नेतो. तिथेच तर मला तो... तिथेच सापडला."

"मास्तर इथे यायचे कधी?"

"कधीच नाही. त्याला हे बघवत नसे."

साहेबांना गप्प राहणं जमत नव्हतं. "आमचे मुकादम म्हणजे खांब आहेत हो! या हंगामात खेकडे निम्मेसुद्धा येत नाहीत, पण बाटल्या कमी पडल्या का? एक नाही! कमी पडल्या असत्या तर वरून कुलूपच आलं असतं. सगळे घरी."

"खेकडे निम्मे आणि बाटल्या तेवढ्याच," बाई म्हणाल्या. "वा! बाजूला काढलेल्यांची टाकी कुठे आहे?"

"रिकामी आहे," मुकादम म्हणाला.

"रिकामीच दाखवा."

---

टाकी मागच्या शेडमध्ये होती. सिमेंटची, कमरेएवढी. गाळणीतून आलेलं समुद्राचं पाणी इतकं नितळ, की तळाची टाचणी दिसावी. टाकी रिकामी नव्हती. तळाशी सगळा लुळ्यापांगळ्यांचा मेळावा होता. एकाच्या ढालीचा चंद्रकोरीएवढा तुकडा गेलेला, एकाची पाठ खोलगट दबलेली. एकाची शेपटी टोकाला दुभंगून सापाच्या जिभेसारखी झालेली. सगळे सुस्त. दोघे बहुधा मेलेलेच.

"दुशेपट्या," लेक पुटपुटली. तिने त्याला उलटा केला. डाळिंबी ठिपका होता. शेजारच्यालाही होता.

बाईंनी दुशेपट्याच्या बिजागरीत अंगठा घातला. जागा पुसलेली होती आणि मधोमध भोक होतं. पुढच्यालाही. त्याच्या पुढच्याला दोन.

"हे मला माहीत नव्हतं," साहेब म्हणाले. त्यांचा बोलका चेहरा एकदम मुका झाला.

"खरंच नसेल," बाई म्हणाल्या. "गुंड्या, मी गुरांची डॉक्टर. आमचा रोगी बोलत नाही, म्हणून मी एक सवय लावून घेतलीय. जिथे घाण असायला हवी तिथे स्वच्छ जागा दिसली की बोट ठेवायचं. आज मला तीन दिसल्या. पहिली लांडीच्या पाठीवर. शेवाळाने माखलेल्या प्राण्याची एवढीच जागा कुणी घासली? सुई मारणाऱ्याने. फडक्यावर होती ती शाई नव्हे. सुई ताजी होती, रक्त ओलं होतं. म्हणजे लांडी आज पहाटे किनाऱ्यावर नव्हतीच. ती इथे होती."

"आणि दुसरी?"

"मास्तरांच्या फुप्फुसात. वाळूच्या जिभेवर लाटेत बुडालेल्या माणसाच्या आत वाळू जाते, गाळ जातो. यांच्या आत नितळ खारं पाणी. असं पाणी समुद्रात नाही मिळत. ते इथे मिळतं. मास्तर या टाकीत बुडाले."

गाळणीचं पाणी टाकीत पडत राहिलं.

"तिसरी ही." बाईंनी टाकीच्या काठाकडे बोट केलं. सगळ्या काठावर हिरवा चिकट थर होता. एका कोपऱ्यात मात्र हातभर सिमेंट पांढरंफेक निघालं होतं. "डोकं इथे आपटलं. हे आज घासलंय."

"पण मग मास्तरांनी पिशवीत खेकडा का घातला?" फौजदाराने विचारलं. "ते तर कधीच..."

"कधीच नाही. आजच घातला, कारण आज ती खेकडा नव्हती, पुरावा होती. त्यांचे लंगडे का मरतात ते त्यांना आज कळलं. लांडीला ते तुझ्याकडेच आणत होते, गुंड्या. आणली कुणी दुसऱ्यानेच. त्यानेच तिला गुंडाळलं. आता साहेबांनी गुंडाळलं म्हणशील, तर ते शेपटीला धरतात. जावई म्हणशील, तर तो शेपटी मोडून फेकतो. पोटाकडे दुहेरी घडी घालणारे हात तू मघाशी पाहिलेस. आणि पहाटे हातगाडी घेऊन त्या वाळूवर जाताना ज्याला कुणी, कुठे चाललास म्हणून विचारणार नाही, असा एकच माणूस इथे आहे."

लेकीने हळूहळू मान वळवली.

"काका," ती म्हणाली, "सकाळी चहा तुम्ही केलात."

मुकादम टाकीच्या काठावर बसला, बरोबर त्या पांढऱ्या जागेशेजारी.

"थोडंच काढायचो," तो म्हणाला. "धडधाकट येतच नव्हते. कुलूप लागलं असतं तर या वयात मला कोण उभं करणार? एवढंच येतं मला. म्हटलं, हंगाम निघू दे. मेलेल्यांच्या पाठीवरची भोकं बघून त्याने पहाटे मला इथे गाठलं. ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. लांडी उचलून पिशवीत घातली आणि म्हणाला, तुला मी मित्र समजत होतो. मी पिशवी ओढली, धक्का दिला. तो काठावर आपटून पाण्यात पालथा पडला."

"आणि?"

"पाणी कमरेएवढंच होतं. मला काढता आलं असतं." त्याने स्वतःच्या हातांकडे पाहिलं. "मी नुसता उभा राहिलो. बुडबुडे थांबेपर्यंत."

फौजदाराने टोपी काढली आणि मग, काय करावं न सुचून, पुन्हा घातली.

"लांडीला समुद्रात का नाही फेकलंस?" बाईंनी विचारलं. "फेकली असतीस तर आज कुणाला काही कळलं नसतं."

मुकादमाला या प्रश्नाचंच नवल वाटलं. "ओहोटी लागली होती, बाई. लाटेने उलटी केली असती तर तिला सुलटं कोण करणार? शेपटी नाही तिला. पक्ष्यांनी दुसराही डोळा नेला असता. म्हटलं, फडक्यात ठेवतो, भरतीला येऊन सोडतो. तोवर त्या शिंपलेवाल्या बायका दिसल्या."

"तिला फडकं," बाई म्हणाल्या, "आणि त्याला?"

फौजदाराने मुकादमाला दंडाला धरून उठवलं. उठताना त्याने सवयीने काठावरचं ओलं फडकं उचललं, घडी केली आणि पुन्हा होतं तिथे ठेवलं.

---

मुद्देमाल जिवंत असेल तर त्याचं काय करायचं, हे फौजदाराला कुणीच शिकवलं नव्हतं. त्याने सगळ्यांचे फोटो काढले, पंचनाम्यात "एक लांडी, एक डोळा, स्वभाव शांत" असं लिहिलं आणि कोर्टाची परवानगी आणून जे जगले होते ते सगळे भरतीला सोडायला दिले.

किनाऱ्यावर जावई आणि लेक एकमेकांपासून हातभर अंतर ठेवून चालत होते. बाई मागे होत्या. म्हातारपणी कान तिखट होतात, विशेषतः ऐकू नये ते ऐकायला.

"तुला वाटलं मी केलं," तो म्हणाला.

"हो."

"सही केली असतीस?"

"हो."

तिने टब खाली ठेवला आणि लांडीला पाण्याच्या कडेला सोडलं. दुशेपट्या केव्हाच निघून गेला होता. लांडी दोन पावलं सरकली, तेवढ्यात लाट आली आणि तिला उताणी टाकून गेली. सगळे पाय आभाळात. खुंट वाळूत टेकायचा प्रयत्न करत होता आणि पोचत नव्हता. वर पक्षी घिरट्या घालत होते.

जावई गुडघ्यावर बसला. त्या काळ्या खुंटावर त्याने बोट ठेवलं आणि बराच वेळ ठेवलं.

"ही मीच मोडलेली असेल," तो म्हणाला. "असेलच. माझ्याच जाळ्याची वाट ही."

"कळणार कसं आता?"

"नाही कळणार."

त्याने ढालीला दोन्ही बाजूंनी धरलं. कुणी शिकवलं नव्हतं, पण तसंच धरलं. सुलटी केली आणि लाट परत येईपर्यंत वाकून तिच्यावर हात धरून राहिला. लेक थोडा वेळ उभी होती. मग तीही शेजारी बसली आणि पक्षी खाली येऊ नयेत म्हणून ओढणी हवेत फिरवू लागली.